लॉनवरचे घोंगे आणि गोंदियाचे व्याही

नवरीच्या शालूवर गोगलगाय चढली तेव्हा मी तिथे नव्हते. मी ती व्हिडिओत पाहिली. नवरी फुलांच्या झोक्यावर बसून फोटो काढून घेत होती. मुठीएवढी गोगलगाय झोक्याच्या साखळीवरून उतरली आणि सावकाश खांद्याकडे निघाली. फोटोवाला ‘मॅडम, स्माइल’ म्हणत राहिला. शेवटी नवरीचा मामा ओरडला. कुणीतरी त्या ओरडण्यावर बॅन्डचं संगीत लावलं आणि भंडाऱ्यात सगळ्यांनी सकाळचा चहा घ्यायच्या आत ते पाहिलं.

मग देवरावजींचा फोन आला.

“मॅडम, पाह्यलं का तुमी?”

“पाहिलं.”

“मंग आता काय करा लागते?”

“कशालाच हात लावू नका. मी येते.”

मी बागा सांभाळते. उद्यानविद्येची पदवी घेतली, थोडे दिवस नोकरी केली, आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. भंडारा आणि आजूबाजूची हॉस्पिटलं, कॉलन्या, हॉटेलं यांची झाडंझुडपं वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर बघते. देवरावजींचं लॉन शहापूरजवळ हायवेला आहे. आमच्याकडे लॉन म्हणजे नुसतं गवत नाही. पत्र्याचा मोठा डोम, नवरानवरीच्या खोल्या, स्वयंपाकाचं शेड, पार्किंग, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी खरोखरचं गवत. त्या गवताची आणि भोवतीच्या मेंदीच्या कुंपणाची जबाबदारी माझी.

म्हणजे शालूवरच्या गोगलगायीची जबाबदारीसुद्धा माझीच, असं देवरावजींचं म्हणणं होतं. ते त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. नुसता चहा सांगितला नाही.

ही आफ्रिकन गोगलगाय. आपल्या लहानपणी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर दिसायची ती नव्हे. हिचा शंख लांबट, तपकिरी पट्ट्यांचा. ती बहुतेक वेळा कुंडीतल्या मातीबरोबर येते. एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे स्थळं बघण्यात वेळ जात नाही. अंडी साबुदाण्यासारखी, मातीत घातलेली. दिवसा ती अडचणीत लपते, पाऊस पडून गेला की संध्याकाळी बाहेर येते. शंख वाढवायला चुना लागतो म्हणून भिंतीचा रंगसुद्धा खरवडून खाते. देवरावजींनी फुलांच्या वाफ्यांना चुना लावलेल्या विटांची किनार केली होती. तिच्यावरचा चुना अर्धा गेलेला होता. पावसानं गेला, असं ते समजत होते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतात ते उगाच नाही.

मी गवतात फिरले. एकही दिसली नाही. देवरावजी म्हणाले, “पाहा, काहीच नाही. त्या फोटोवाल्यानंच आणला असन.” मी डोमच्या कडेला पडलेली ओली सतरंजी उचलली. खाली त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. देवरावजी जवळच्या खुर्चीवर बसले.

“औषध टाका न मॅडम. गोळ्या येतात म्हणे.”

“येतात. पण त्या गोळ्या बुंदीसारख्या दिसतात. तुमच्याकडे पंगतीत पोरं हिंडतात. एखाद्यानं उचलून तोंडात टाकली तर?”

त्यांनी स्वयंपाकाच्या शेडकडे पाहिलं.

“आणि दुसरं म्हणजे मागच्या बांबूत भारद्वाजाचं घरटं आहे. तो गोगलगायी खातो. विषाची गोगलगाय खाल्ली की तोही जाईल.”

भारद्वाज सगळ्यांना माहीत असतो, पण नीट पाहिलेला कमी जणांनी असतो. कावळ्याएवढा, काळा, पंख विटकरी, डोळे लाल. उडायला आळशी, झुडपातून चालत फिरतो. त्याचा हुक-हुक आवाज ऐकू येतो आणि तो मात्र दिसत नाही. सरडे, बेडूक, लहान पिल्लं, गोगलगायी, काहीही खातो. बांबूजवळच्या पाण्याच्या नळाखाली एक दगड होता. त्याच्याभोवती फुटलेल्या शंखांचा खच पडला होता. मी देवरावजींना तो दाखवला.

ते म्हणाले, “हे बांबूचं बेटच काढून टाकू. सारे घोंगे तिथूनच येऊन राहिले.”

घोंगे म्हणजे गोगलगायी. मी म्हणाले, “चोर आला म्हणून चौकीदाराला काढता का?”

“चौकीदार अन् चोर एकाच खोलीत राहून राहिले न पण.”

या बोलण्यात तथ्य होतं. पण बांबू काढला नाही.

आता खरी अडचण सांगते. शालूचं प्रकरण दुसऱ्याच्या मुलीचं होतं. आषाढी एकादशीच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्ताला देवरावजींच्या स्वतःच्या मुलीचं, पायलचं लग्न होतं. ते अर्थातच याच लॉनवर ठरलं होतं. आणि व्हिडिओ गोंदियापर्यंत गेला होता. मुलाचे वडील वासुदेवजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा फोन माझ्यासमोरच आला. देवरावजींनी स्पीकर लावला. मला ऐकवायला असावा.

“माहं काही नाही जी,” वासुदेवजी म्हणाले. “पण घरचे घाबरून राहिले. म्हटलं, तुमच्या समोर हायवेच्या पल्याड दुसरं लॉन हाये न, ते पाहून घ्या. तारीख तेच ठेवू.”

देवरावजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हसायला येण्यासारखी गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही. या माणसानं भात विकून, जमीन सपाट करून, एक एक पत्रा चढवून हे लॉन उभं केलं होतं. समोरचं लॉन त्याच्या सख्ख्या चुलतभावाचं.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “साऱ्या तालुक्याच्या पोरी माह्या लॉनवरून सासरी गेल्या. अन् माही पोरगी त्याच्या लॉनवरून जाईन? मॅडम, नाक कापलं जाईन माहं.”

पायल तिथेच मोबाइल बघत उभी होती. ती म्हणाली, “बाबा, मले तिकडे झालं तरी चालते.”

“तुले चालते. मले नाही चालत.”

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. शेवटी असं ठरलं की वासुदेवजी येत्या रविवारी स्वतः येऊन लॉन पाहतील आणि मग सांगतील. रविवार फार लांब नव्हता.

आम्ही नेहमीचं काम सुरू केलं. संध्याकाळी ओले बारदाने, म्हणजे गोणपाट, कुंपणाच्या कडेनं पसरायचे. रात्री गोगलगायी त्याखाली गोळा होतात. सकाळी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे यासाठी की यांच्या अंगात एक जंतू असतो आणि तो माणसाला चांगला नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या बायका वेचून वेचून कंटाळल्या. बादल्या भरत होत्या आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढ्याच. भारद्वाज त्याच्या परीनं कामाला होता. पण एका जोडप्यानं किती खायचं?

मला एक गोष्ट समजत नव्हती. गोगलगायीला गवत फारसं आवडत नाही. तिला कोवळी रोपं, भाजीपाला, कुजलेलं काही लागतं. इथे होतं गवत, मेंदी आणि चार झेंडू. झेंडू तर तिनं केव्हाच संपवले होते. मग एवढ्या जणी जगतात कशावर? उष्टं अन्न म्हणावं, तर ते गाडीत भरून रोज बाहेर जात होतं. ते मी तपासलं होतं. शेड धुतलेलं, ड्रमला झाकणं.

देवरावजी तेवढ्यात बदकं घेऊन आले.

म्हणजे तलावावर मासे धरणारे सुखदेवभाऊ बदकं घेऊन आले. देवरावजींनी त्यांना कुठून तरी गाठलं होतं. बदकं गोगलगायी खातात, हे खरं आहे. मोठी त्यांना गिळवत नाही, पण बारकी पिल्लं आणि अंडी ती वेचून खातात. मी हो म्हटलं. सुखदेवभाऊंनी तर गॅरंटीच दिली.

“मॅडम, हे बदकं नाही होत. हे मशीन हायेत. उद्या तुमाले दाखवाले एक घोंगा भेटणार नाही.”

त्यांनी बदकांच्या टोपल्या उघडल्या. बदकं रांगेनं निघाली. आम्ही मुद्दाम बारदाने उचलून ठेवले होते. खाली बारक्या गोगलगायी उघड्यावर पडल्या होत्या. बदकं त्यांच्यावरून गेली. थांबलीसुद्धा नाहीत. गवत ओलांडलं, फुलांचा झोका ओलांडला, आणि डोमच्या मागच्या बाजूला मेंदीच्या कुंपणात माना घालून खायला लागली.

“मशीन तिकडे कुठं गेली, सुखदेवभाऊ?” मी विचारलं.

“आधी फिरून घेतात जी. मंग खातात.”

ती खातच होती. मी मागे गेले. मेंदीच्या बुंध्याशी वाकून पाहिलं. आधी वाटलं पिवळी माती आहे. मग हातात घेतली. तांदूळ होता. हळदीकुंकवात रंगवलेला, भिजलेला, फुगलेला, आंबलेला तांदूळ. वास ताडीसारखा येत होता. वरचा थर ताजा, खालचा काळा पडून माती झालेला. कुंपणाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत हाच थर. फावड्यानं थोडं उकरलं तर साबुदाणे निघाले. म्हणजे अंडी.

“देवरावजी, हे काय आहे?”

“अक्षता.”

“इथे कशा आल्या?”

“म्याच टाकतो,” ते सहज म्हणाले. “लग्न झालं का डोम झाडतो. अक्षता पायाखाली येऊ नाही म्हणून झाडाच्या बुडाशी टाकतो. दुसऱ्या कोणाले हात नाही लावू देत.”

आमचा भाताचा मुलूख. इथे मंगलाष्टकांना चिमटीनं अक्षता टाकत नाहीत. मूठमूठ टाकतात, आणि पुढच्या रांगेतल्या आत्याबाई तर परातीतून. त्यात ‘सावधान’ किती वेळा होतं ते भटजींच्या गळ्यावर असतं. एका लग्नाला पायलीच्या हिशेबानं तांदूळ जमिनीवर येतो. आणि लॉन सुरू झाल्यापासून प्रत्येक लग्नाचा तो तांदूळ देवरावजींनी भक्तीनं मेंदीच्या मुळाशी नेऊन ठेवला होता.

गोगलगायी पकडायला आम्ही जे आमिष बनवतो त्यात भुसा, गूळ आणि आंबवण असतं. ओलं, गोडसर, आंबूस वासाचं काहीतरी. देवरावजींनी नेमकं तेच आमिष वर्षानुवर्षं, स्वतःच्या हातानं, सावलीत घातलं होतं. फक्त पकडायचं राहून गेलं होतं. आम्ही काखेत कळसा घेऊन गावभर बारदाने पसरत होतो. मला बदकांचा थोडा हेवा वाटला.

“हे सगळं काढावं लागेल,” मी म्हणाले. “खोल खड्डा करायचा, चुना टाकायचा आणि पुरायचं.”

देवरावजी एकदम कुंपणासमोर उभे राहिले. “आशीर्वाद हायेत ते मॅडम! किती पोरींच्या लग्नातले! ते पुरून टाकू?”

“मग काय करता?”

“तलावात सोडू. देवाच्या गोष्टी पाण्यात सोडा लागते.”

“यात अंडी आहेत. धुऱ्यावर सांडली तर रोवणीच्या तोंडावर लोकांच्या पऱ्ह्यात गोगलगायी जातील. मग व्हिडिओ नाही निघणार, मोर्चा निघेल.”

रोवणी म्हणजे भाताची लावणी, पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. देवरावजी स्वतः भात पेरणारे, त्यांना हे लगेच कळलं. तरी मन तयार होईना. ते कुंपणाजवळ उकिडवे बसले आणि तांदळाकडे बघत राहिले. तेव्हा त्यांच्या बायको शोभाताई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आशीर्वाद असते तर आपल्याच पोरीच्या लग्नात घोंगे सोडले असते का?”

देवरावजींनी नारळ मागवला.

तर अशा रीतीनं शहापूरजवळ हायवेच्या कडेला गोगलगायीच्या अंड्यांचा विधिवत दफनविधी झाला. खड्डा मी आखला, चुना मी मोजून टाकला, नारळ देवरावजींनी फोडला. सुखदेवभाऊंनी हात जोडले. कुंपणाखालची जागा मोकळी आणि कोरडी झाली. बदकांनी दोन दिवस आशेनं तिथे चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी नाइलाज झाल्यासारखी ती गोगलगायींकडे वळली. सुखदेवभाऊंनी सगळ्यांना सांगितलं, “म्या म्हटलंच होतं.”

कामाची वाटणी आपोआप झाली. अंडी आणि पिल्लं बदकांकडे, मधल्या भारद्वाजाकडे, मोठ्या आमच्या बादलीत. गोगलगायी एकदम संपत नाहीत, हे मी देवरावजींना स्पष्ट सांगितलं. कुणी ‘एकही राहणार नाही’ म्हणालं तर तो सुखदेवभाऊ समजावा. पण खाणं तुटलं की त्या पसरतात, कमी होतात, आणि मग खाणारे त्यांना पुरे पडतात.

रविवारी पाऊस होऊन गेला. दुपार कलल्यावर वासुदेवजी आले. पांढरा सदरा, पायात गमबूट. सोबत टॉर्च, उजेड असूनही. देवरावजींनी बदकं झाकून ठेवली होती, कारण बदकं का पाळली असा प्रश्न आला असता.

वासुदेवजी हेडमास्तरासारखेच फिरले. खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. सतरंजीचं टोक काठीनं उचललं. झोक्याची साखळी डोळ्याजवळ नेऊन पाहिली. देवरावजी मागे चालत होते. त्यांचे हात मागे बांधलेले होते. मला त्यांची दया आली. स्वतःच्या घरात परीक्षेला बसलेला माणूस बघवत नाही.

“दिसत नाही जी काही,” वासुदेवजी शेवटी म्हणाले.

“नाहीच आता,” देवरावजी म्हणाले.

मी वासुदेवजींच्या गमबुटांकडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हाच बांबूच्या बेटातून भारद्वाज बाहेर आला. उडाला नाही, चालत आला. ऐटीत, उघड्या गवतावर. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थांबला आणि आमच्याकडे त्यानं लाल डोळ्यानं पाहिलं. त्याच्या चोचीत एक चांगली पोसलेली गोगलगाय होती.

देवरावजींनी डोळे मिटले.

आता हे समजून घ्या. भारद्वाज दिसणं शुभ. कामाला निघताना दिसला तर काम होतं, आणि लग्नाच्या बोलणीला दिसला तर सोन्याहून पिवळं. माणसं गाडी थांबवून हात जोडतात. पण वासुदेवजी आले होते गोगलगाय शोधायला. त्यांना शकुनही मिळाला आणि पुरावाही, दोन्ही एकाच चोचीत. एक मानायचा आणि दुसरा नाकारायचा तर कसा?

भारद्वाजानं नळाजवळच्या दगडावर शंख आपटला. टक्. पुन्हा टक्. मग आतलं काढलं आणि बांबूत घेऊन गेला. आतून पिल्लांचा घशातला आवाज आला.

वासुदेवजींनी टॉर्च खिशात ठेवली. गमबुटासकट गवतात उभे राहून दोन्ही हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले. मला वाटतं, ते विचार करत असावेत.

“घरटं हाये का तिथं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “पिल्लं आहेत.”

“मंग ते बांबू तोडू नका, इवाई.”

इवाई म्हणजे व्याही. त्या दिवशीपर्यंत त्यांनी देवरावजींना ‘देवरावजी’ म्हटलं होतं. देवरावजींनी डोळे उघडले. ते तसेच वळले आणि चहा सांगायला म्हणून शेडच्या मागे गेले. चहा येण्याआधी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

लग्न ठरल्या तारखेला, त्याच लॉनवर झालं. अक्षता पडल्या, मुठी भरून पडल्या, मी कितीही सांगितलं तरी. मी फक्त एवढं केलं की डोममध्ये कापडी गालिचा अंथरायला लावला. पायल गाडीत बसून गेल्यावर पाहुणे पांगले. देवरावजी सूप घेऊन गालिच्यावर बसले आणि तांदूळ गोळा करू लागले. कुणाला हात लावू दिला नाही. मी निघताना त्यांना म्हणाले, “हे मातीत नाही गेलेलं. स्वच्छ आहे. तलावातल्या माशांना टाकलं तरी चालेल.”

“टाकतो,” ते म्हणाले. “पण हे माह्या पोरीचे हायेत. थांबा थोडं.”

आम्ही थोडं थांबलो. मीही खाली बसले. शेवटी त्यांनी सूप उचललं आणि तलावाकडे गेले.

पोळ्याच्या आसपास वासुदेवजींचा फोन आला. सून छान रुळली, म्हणाले. मग मुद्द्यावर आले.

“मॅडम, आमच्या अंगणात भारद्वाज यावा म्हणून काय लावा लागते? खर्चाचं पाहू नका.”

मी विचारलं, अंगण कसं आहे. सगळीकडे फरशी, कडेला पेव्हर ब्लॉक, महिन्याला एकदा फवारणी. “अंगण एकदम क्लीन ठेवतो जी,” ते अभिमानानं म्हणाले.

“फवारणी बंद करा. एका कोपऱ्यातली फरशी काढून दाट झुडूप वाढू द्या. झाडू नका तिथे.”

“अन् ते केलं का येते?”

“येईल. पण तो नुसत्या शुभेच्छांवर जगत नाही. सरडे, बेडूक आणि थोडे घोंगे लागतील.”

पलीकडे पेन ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, घरच्यांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. शकुन सगळ्यांना हवा असतो. तो काय खातो, ते मात्र कुणाला अंगणात नको असतं.